प्रिंटर सरकारी, पत्रिका मंडळाची

मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की कम्प्युटर-मोबाईलबद्दल काय विचारायचं ते विचारा. मला वाटलं होतं यूपीआयची फसवणूक, फोटो उडाले, मुलगा रात्री दोनपर्यंत गेम खेळतो, असलंच काहीतरी येणार. तेही आलं म्हणा. पण निम्म्याच्या वर पत्रं महूवरूनच, आणि सगळ्यांचा सूर एकच, की तिथल्या संस्थांमधे कम्प्युटरला हात लावायचा तरी नियम, नाही लावायचा तरी नियम. तसं नवल नाही. महू इंदूरहून जेमतेम २५ किलोमीटर, कागदोपत्री २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर पण तोंडी महूच, आणि तिथं सिग्नल्सचं, म्हणजे सैन्याच्या दळणवळण विभागाचं, एमसीटीई कॉलेज, इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज, म्हणजे इंदूरच्या मराठी घरांत कोणाचा मुलगा तिथं शिकतोय, कोणाचे मिस्टर तिथं शिकवतायत, कोणाची सून रोज अप-डाउन करतेय. माझे स्वतःचे यजमान सिग्नल्समधून निवृत्त आणि मी ३१ वर्षं इथल्या एका कॉलेजची कम्प्युटर लॅब सांभाळली, तेव्हा या खेपेला सगळी जागा याच प्रश्नांना. यूपीआयवाल्यांनी महिनाभर थांबा, आणि तोवर ओटीपी कोणाला देऊ नका म्हणजे झालं.

प्रश्न : काकू, मुलगा कॅप्टन आहे, महूच्या एका लष्करी संस्थेत एम.टेक. करतोय. आमच्या कॉलनीच्या गणपतीची कार्यक्रमपत्रिका छापायची होती, फक्त दीडशे कॉपी. त्याला म्हटलं तुमच्या लॅबमधे रंगीत प्रिंटर आहे ना, काढून आण, तर म्हणे आई तसं चालत नाही. बरं मी मेलवर पाठवलेली फाईल तिथं उघडून सुद्धा बघितली नाही. मंडळात मी सांगून बसले होते, सगळ्यांसमोर नाक गेलं. इतके कसले नियम?
एक आई, राजेंद्र नगर

उत्तर : वहिनी, नाक गेलं ते वाईट झालं, पण मुलगा बरोबर आहे. तुम्हाला वाटतंय तो शाई-कागदाचा हिशोब करतोय. शाई-कागद हा त्यातला सगळ्यात बारका भाग. ती फाईल आली कुठून ते आठवा बरं. मंडळातल्या कोणीतरी फोनवर केली असणार, गणपतीची बॉर्डर कुठल्यातरी साइटवरून उतरवलेली, मग ती चार ग्रुपमधे फिरली, मग तुमच्याकडे, आणि तुम्ही मुलाला. त्या प्रवासात तिच्या पोटात काय बसलंय ते तुम्हाला नाही माहीत, मला नाही माहीत आणि मुलाला तर नाहीच नाही. आणि ज्या मशीनवर ती उघडायची त्याच मशीनच्या वायरीला पुढे दुसरी मशीनं जोडलेली असतात.

दुसरं असं की पत्रिकेच्या मागच्या पानावर सराफ्यातल्या एखाद्या दुकानाची जाहिरात असते, खाली वर्गणीचं आवाहन असतं, हो की नाही? म्हणजे सरकारी मशीनवर जाहिरात आणि वर्गणी दोन्ही छापली. ॲक्सेप्टेबल यूज पॉलिसी म्हणून जो कागद ही मुलं सही करून देतात, त्यात धंदा, वर्गणी, राजकारण, जुगार आणि अश्लील काहीही, या गोष्टी बहुतेक सगळीकडे सरळ नाही म्हणूनच असतात. एखादा मोठा साहेब असता तरी त्यालाही नाहीच. आणि गुपचूप होतही नाही ते, नेटवर्कवरचा प्रिंटर कोणी, किती वाजता, कुठल्या नावाची फाईल, किती पानं हे सगळं लिहून ठेवू शकतो. 'गणेशोत्सव फायनल फायनल २' अशा नावाची फाईल, दीडशे पानं, आणि शेजारी कॅप्टनसाहेबांचं नाव. डोळ्यासमोर आणा.

कॉलनीबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून घ्या, आणि मंडळात सांगा की मुलाच्या संस्थेत शिस्त फार आहे. नाक परत येईल.

प्रश्न : मी नुकतीच कोर्सला आलेय. पहिल्याच दिवशी चार पानी अंडरटेकिंगवर सही घेतली आणि आता रोज लॉगिन केलं की स्क्रीनवर चौकट येते की या सिस्टिमवर तुम्ही जे काही कराल ते बघितलं जाऊ शकतं. मला काही लपवायचं नाहीये पण जाम विचित्र वाटतं. हे कायद्यात बसतं का? माझं घटस्फोटाचं प्रकरण चालू आहे, वकिलाचे मेल असतात.
एक अधिकारी, महू

उत्तर : विचित्र वाटणारच गं, मलाही वाटलं असतं. पण ही चौकट जगभर आहे आणि तिच्यात एक प्रामाणिकपणाही आहे, ती आधी सांगून बघते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मशीनवर येणारी चौकट तर अगदी स्पष्ट आहे, तिच्यात चक्क लिहिलंय की इथले सुरक्षेचे उपाय सरकारच्या हितासाठी आहेत, तुमच्या खाजगीपणासाठी नाहीत. आणि गंमत म्हणजे त्याच चौकटीत वकील, मानसोपचारतज्ज्ञ आणि धर्मगुरू यांच्याशी होणारं बोलणं वेगळं काढलंय, ते गोपनीय धरलं जाईल असं आश्वासन आहे. म्हणजे तुझ्यासारखा प्रश्न तिथंही कोणाला तरी पडलेला असणार.

आपल्याकडे २०१७ साली सुप्रीम कोर्टानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, ते बरोबर. पण घटनेचं कलम ३३ संसदेला सैन्यातल्या माणसांचे मूलभूत हक्क कमी करायची मुभा देतं, आणि आर्मी ॲक्ट १९५० मधे त्याची तरतूदही आहे. शिवाय मशीन तुझं नाहीच, मालक दुसरा आहे, त्यानं दारावर पाटी लावलीय आणि तू पाटी वाचून आत गेलीस. वकिलाचं म्हणशील तर त्या अमेरिकन चौकटीच्या भरवशावर आपल्याकडे राहू नकोस, वकिलाला आजच सांग की संस्थेच्या पत्त्यावर एक ओळसुद्धा पाठवायची नाही. ते मेल तुझ्या स्वतःच्या फोनवर, तुझ्या सिमच्या डेटावर, खोलीवर गेल्यावर. संस्थेचं वायफाय त्यासाठी नको. आणि ती चार पानं परत मागून घे गं, शांतपणे वाच. मी लॅबमधे इतकी वर्षं मुलांकडून असल्या कागदावर सह्या घेतल्या, वाचून सही करणारी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगचा निवृत्त प्राध्यापक. एका लष्करी संस्थेत गेस्ट लेक्चर द्यायला बोलावलं, सन्मानानं गाडी पाठवली, आणि गेटवर मोबाईल जमा, पेन ड्राइव्ह जमा. माझं पीपीटी त्या पेन ड्राइव्हमधेच! तासभर खडूनं शिकवलं. मी काय दहशतवादी आहे का?
एक प्राध्यापक, टिळक नगर

उत्तर : सर, तुम्ही नाही, तुमचा पेन ड्राइव्ह. आणि त्याचीही चूक नसते बिचाऱ्याची.

आधी माझीच गोष्ट सांगते. साल २००७ असेल. लॅबमधे बी.एस्सी.च्या इंटर्नल मार्कांची शीट मीच भरायचे, एका मशीनवर. भंवरकुआं भागातल्या कुठल्यातरी दुकानातून प्रोजेक्टचं प्रिंट काढून आणलेला पेन ड्राइव्ह एका मुलानं त्याच मशीनला लावला, 'मॅडम दोन मिनिटं' म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर प्रत्येक फोल्डरच्या आत त्याच नावाचं अजून एक फोल्डर. पिवळं, अगदी खऱ्यासारखं. मी आपली क्लिक करतेय, क्लिक करतेय आणि प्रत्येक क्लिकला ते अजून पसरतंय, कारण ते फोल्डर नव्हतंच, फोल्डरचं चित्र डकवलेला प्रोग्रॅम होता. 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' म्हणायचे त्याला, त्या काळात लॅब चालवलेल्या माणसाला नुसतं नाव घेतलं तरी घाम फुटेल. संध्याकाळपर्यंत चोवीसच्या चोवीस मशीनं गेली. मार्क मी वह्यांवरून परत भरले, दोन रविवार गेले त्यात. तो मुलगा आजही सराफ्यात भेटला की मॅडम सॉरी म्हणतो आणि गराडू खाऊ घालतो.

आता हेच मोठ्या मापाचं बघा. २००८ साली अमेरिकन सैन्याच्या मध्यपूर्वेतल्या एका तळावर एका लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लागला. त्यातला किडा, एजंट डॉट बीटीझेड म्हणतात त्याला, सेंट्रल कमांडच्या नेटवर्कमधे शिरला, साध्याही आणि गोपनीयही. पद्धत तीच, माझ्या लॅबमधलीच, ड्राइव्ह लावला की आतला प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा. ते निपटायच्या मोहिमेला 'बकशॉट यँकी' नाव दिलं. त्या नोव्हेंबरात पेन ड्राइव्हवर सरसकट बंदी घातली ती २०१० च्या फेब्रुवारीत कुठे थोडी सैल केली. पेंटागॉनचे तेव्हाचे उपमंत्री विल्यम लिन यांनीच २०१० मधे हे जाहीरपणे लिहिलं, आणि सैन्याच्या मशीनांवरची ही तोवरची सगळ्यात मोठी घुसखोरी होती असं सांगितलं. इतकी मोठी फौज, इतका पैसा, आणि आत शिरायला वाट कोणती तर बोटाएवढी काडी.

आणि इंटरनेटला न जोडलेली मशीनं सुरक्षित, हे जे आपण म्हणतो, ज्याला ती मुलं एअर गॅप म्हणतात, त्या गॅपवरून उडी मारायचा पूलच पेन ड्राइव्ह आहे. इराणच्या नतान्झमधल्या अणुकेंद्रात, सेंट्रिफ्यूज चालवणाऱ्या मशीनांमधे घुसलेला स्टक्सनेट नावाचा किडा, २०१० ला उघडकीस आलेला, तोही यूएसबीवरून पसरायचा.

पुढच्या वेळी सर असं करा, पीपीटी चार-पाच दिवस आधी समन्वयकाच्या अधिकृत मेलवर पाठवा, ते त्यांच्या पद्धतीनं तपासून लेक्चरच्या मशीनवर टाकतील. साधी पीडीएफ करून पाठवा, ॲनिमेशन-बिनिमेशन सोडून द्या. आणि एक सांगू का, खडूनं शिकवलेलं लेक्चर मुलांच्या जास्त लक्षात राहिलं असणार.

प्रश्न : मी संस्थेच्या ऑफिसमधे क्लार्क आहे. सुट्टीवर जाताना पासवर्ड शेजारच्या टेबलवाल्याला देऊन जाते म्हणजे काम अडत नाही. सगळेच करतात. चालतं ना?
महू

उत्तर : नाही चालत. त्या दिवसांत त्या टेबलावरून जे काही होईल ते तुझ्या नावावर. काम अडतं तर सिस्टिमवाल्यांना सांगून त्याच्याच लॉगिनला तेवढी परमिशन मागून घे. आणि कीबोर्डखाली चिकटवलेली चिठ्ठी आज काढ, असणार ती.

प्रश्न : मिस्टर रोज पहाटे कॅन्टोन्मेंटमधे धावतात, घड्याळातलं ॲप रूट रेकॉर्ड करून सगळ्यांना दाखवतं. आता नोटीस आली की घड्याळ बंद. घड्याळ काय कम्प्युटर आहे का?
लोकमान्य नगर

उत्तर : आहे की! स्ट्राव्हा नावाच्या धावण्याच्या ॲपनं २०१७ च्या शेवटी जगभरच्या धावणाऱ्यांचा एक चमकता नकाशा मोठ्या कौतुकानं छापला. २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की वाळवंटात जिथं काहीच दिसायला नको तिथं चौकोनी चमकत्या रेषा आहेत. त्या तळांवर धावणारे सैनिक होते. कोणी हेरगिरी केली नाही, काही नाही, नुसते धावले. मिस्टरांना म्हणावं साधं घड्याळ घाला, किलोमीटर पायांना कळतात.

प्रश्न : भाच्याचं अमेरिकेत माँटेरीला नेव्हीच्या पोस्टग्रॅज्युएट स्कूलमधे कोर्ससाठी सिलेक्शन झालंय. ताई विचारतेय की तो तिथून आमच्याशी बोलू शकेल ना? तिथं तर अजून कडक असेल.
एक मामा, रामबाग

उत्तर : अरे वा, अभिनंदन, पेढे पाठवा! जुनी शाळा आहे ती, १९०९ ला ॲनापोलिसला सुरू झाली आणि १९५१ ला कॅलिफोर्नियात माँटेरीला गेली, समुद्राकाठच्या एका जुन्या आलिशान हॉटेलच्या इमारतीत. इतर देशांचे अधिकारी पण शिकतात तिथं. आणि भाच्याला हे नक्की सांगा की गॅरी किल्डॉल तिथं शिकवायचा, ज्यानं सत्तरच्या दशकात सीपी/एम बनवलं, घरगुती कम्प्युटरची पहिली गाजलेली ऑपरेटिंग सिस्टिम. मी शिकले तेव्हा आमच्या इथल्या मशीनवर सीपी/एमच होतं, म्हणून मला त्या शाळेबद्दल उगाच माया आहे.

बोलायचं म्हणाल तर ताईला सांगा काळजी करू नको. आपल्याला वाटतं तिथं श्वास घ्यायलाही परवानगी लागत असेल, पण नियम बराच समजूतदार आहे. त्यांच्या संरक्षण खात्याचे जे जॉइंट एथिक्स रेग्युलेशन म्हणून नियम आहेत, त्यात सरकारी फोन-मेलच्या थोड्याशा खाजगी वापराची उदाहरणंच दिली होती: बायको-मुलांची चौकशी करणं, डॉक्टरची वेळ घेणं, गाडी किंवा घराच्या दुरुस्तीचं ठरवणं, आणि हे मला फार आवडलं, भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना रस्ता कसा यायचा ते मेलवर कळवणं. कोणीतरी संसारी माणसानं बसून लिहिलंय ते. अट एवढीच की कामात खोळंबा नको, वेळ थोडा, शक्यतो आपल्या मोकळ्या वेळात, सरकारला खर्च नको आणि खात्याची लाज जाईल असं काही नको.

पण रोजच्या गप्पांसाठी ते मशीन नकोच, स्वतःचा फोन आहे की. आपल्यापेक्षा घड्याळ साडेबारा तास मागे, थंडीत साडेतेरा, म्हणजे आपण पोहे खात असताना त्याचं रात्रीचं जेवण व्हायचं असेल, तीच वेळ धरा. सिनेमे उतरवायचा टॉरंटचा नाद असेल तर तो विमानात बसायच्या आधीच सोडून द्यायला सांगा, इथं कोणी विचारत नाही, तिथं विचारतात. आणि संस्थेच्या मेलवरची कागदपत्रं सोयीसाठी म्हणून स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करायची नाहीत. ही सगळ्यात साधी दिसणारी आणि सगळ्यात जास्त लोक करतात ती चूक, इथंही आणि तिथंही.

प्रश्न : थीसिस लिहितोय. इंग्रजी सुधारायला एक चॅप्टर चॅटजीपीटीत टाकला तर काय बिघडलं? क्लासिफाइड काहीच नाहीये त्यात.
महू

उत्तर : क्लासिफाइड नाही हे तू ठरवलंस की गाईडनं? थीसिसमधे एकेक वाक्य निरुपद्रवी असतं, पण युनिटचं नाव इथं, उपकरणाचा मॉडेल तिथं, ट्रायलची तारीख खाली तळटीपेत, आणि सगळं एकत्र वाचलं की चित्र तयार. चिकटवलेला मजकूर दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या मशीनवर जातो, मग तो परत बोलावता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत अर्थ मंत्रालयानंसुद्धा आपल्या लोकांना ऑफिसच्या मशीनवर चॅटजीपीटी, डीपसीक असलं काही वापरू नका म्हणून कळवलं, आणि ते तर हिशोबवाले. सैन्यानं त्याआधीच, २०२० च्या जुलैत, जवान-अधिकाऱ्यांना फेसबुक-इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप फोनवरून काढायला लावले होते. ते स्वतःच्या फोनवरचे होते बरं का, सरकारी मशीनवरचे नाही. गाईडला विचार, लेखी. इंग्रजी सुधारायला त्या निवृत्त प्राध्यापकांना पण विचारता येईल, टिळक नगरात राहतात, हल्ली खडूनं शिकवतात.

प्रश्न : काकू नाव छापू नका. परवा लॅबमधे फोनची बॅटरी संपत आली म्हणून पाच मिनिटं समोरच्या मशीनच्या यूएसबीला लावला. फोन आत नेलाच कसा ते विचारू नका. कोणी बघितलं नाही. आता झोप येत नाहीये. सांगू का गप्प बसू?

उत्तर : कोणी बघितलं नाही असं तुला वाटतंय रे बाळा, मशीननं बघितलंय. विंडोजला यूएसबीवर डेटा केबलनं काहीही लागलं, मग तू चार्जिंग म्हण नाहीतर काही म्हण, ते उपकरणाची ओळख आणि वेळ आपल्या रजिस्ट्रीत लिहून ठेवतं, आणि लष्करी नेटवर्क असेल तर ती नोंद बहुतेक दुसऱ्या कोणाच्या तरी स्क्रीनवर पण गेलेली असते. ते कदाचित वाटच बघत असतील की तू येतोस की नाही.

आणि एक काम अजिबात करायचं नाही, ते म्हणजे पुरावा पुसणं. ती नोंद शोधून डिलीट करायला गेलास तर आतापर्यंत जो निष्काळजीपणा होता त्याचा गुन्हा होईल. आयटी ॲक्टच्या कलम ४३ मधे परवानगीशिवाय मशीनमधली माहिती पुसणं बसतं, आणि ते मुद्दाम, लबाडीनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षं कैद किंवा पाच लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर आर्मी ॲक्ट आहेच. फोनसुद्धा फॉरमॅट करू नकोस, ते तपासायला मागतील.

कागदावर लिही: कुठलं मशीन, कुठल्या बाजूचं पोर्ट, साधारण किती वाजता, किती वेळ, स्क्रीनवर काही विचारलं का, तू 'अलाऊ' दाबलंस का. कारण-बिरण लिहीत बसू नकोस, बॅटरी संपत आली होती हे पुरे. फोन आत कसा गेला तेही त्यात येणारच आहे, तेव्हा तेही तूच लिही. ओरडा बसेल, सुट्टी कापतील, पण ते मशीन बाजूला काढून तपासता येईल, आणि तुझ्या फोनमधे काही असलंच तर ते पुढच्या मशीनला लागायच्या आत थांबेल. यजमानांना विचारलं मी, चौतीस वर्षं नोकरी झाली त्यांची. पेपर खाली न ठेवता म्हणाले, जो स्वतः आला त्याला मी बसवून चहा दिला आहे, आणि ज्याला शोधून आणावं लागलं त्याला उभं ठेवलं आहे.

लॅब नऊला उघडत असेल ना? साडेआठला दारात उभा राहा.